कानापुरतं अंतर

पाक देरिस, म्हणजे देरिसबाबा, पाण्यात उतरला की होडीवर कुणी खाकरायचंसुद्धा नाही. इंजिन बंद, वल्ही आडवी, पाय जिथे असतील तिथेच. म्हातारा एका हाताने होडीचा काठ धरायचा, डोकं पाण्याखाली घालायचा आणि मासे ऐकायचा. ढोमे पोटातली हवेची पिशवी स्नायूंनी बडवून ढोल वाजवतात. नर त्याच ढोलाने मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दटावतो. थवा केवढा, कुठल्या अंगाला, जाळं टाकावं की नाही, हे देरिस त्यावरून सांगायचा. होडीवरच्या सगळ्यांची घरं त्याच्या दोन कानांवर जेवत होती.

हानाफी त्याचा जावई. विद्यापीठात असताना त्याने हेच ढोमे टाकीत ठेवून त्यांच्या मेंदूत केसाहून बारीक तार घातली होती. मधल्या मेंदूत त्याला एक पेशी सापडली, ती फक्त ढोलाच्या ठेक्याला तडतडायची. आवाज तोच, तेवढाच मोठा, पण दोन ठोक्यांमधली जागा जरा वाढवली की गप्प. त्याने हे सासऱ्याला सांगितलं तेव्हा देरिस खो खो हसला होता. "म्हणजे माझ्यासारखीच की! तिलाही बायकोच्या हाका ऐकू येत नसणार."

त्या सकाळी थवा मोठा होता. फळ्यांतून तळपायाला ढोल जाणवत होता. देरिसने पाण्याबाहेर हात काढून दिशा दाखवली, आणि तेवढ्यात खालून दणका बसला. होडी उचलली गेली, आपटली. हवेतला आवाज मागाहून आला, पाण्यातून वर आलेल्या खडकाळ टेकाडाच्या पलीकडून.

देरिसचा हात काठावरून सुटला. थोरला मुलगा जुसोह याने उडी मारून बापाला वर ओढलं. म्हाताऱ्याच्या दोन्ही कानांतून रक्त येऊन मानेवर उतरत होतं.

"काय झालं?" देरिस ओरडला. "अरे, बोला ना कुणीतरी!"

सगळे बोलतच होते.

होडीभोवती ढोमे वर येऊ लागले, पोटं आभाळाकडे, तोंडातून आतडी लोंबत. जुसोहने इंजिन चालू केलं ते थेट टेकाडाला वळसा घालण्यासाठी.

पलीकडे सुदिन होता. त्यांच्याच गावचा. लहानशी होडी, हातात लांब दांड्याची झोळी, मेलेले मासे उपसत होता. जुसोहने वेग कमी केलाच नाही. होडी होडीवर आदळली, सुदिन पाठीवर पडला, आणि तो उठायच्या आत जुसोहने वल्ह्याचा पहिला फटका त्याच्या तोंडावर घातला. दुसरा खांद्यावर. जुसोहबरोबरच्या बाकारने केसांना धरून त्याला वर खेचलं तेव्हा त्याचे पुढचे दात ओठात रुतले होते.

"मी ऐकलं होतं!" सुदिन रक्त थुंकत म्हणाला. "अल्लाशपथ. वात पेटवायच्या आधी मी कानोसा घेतो. कुठेच इंजिन नव्हतं. दर्या रिकामा होता!"

इंजिन कुणी बंद ठेवलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. मग जुसोहने त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि हाड मोडल्याचं हानाफीने ऐकलं.

सुदिनच्या होडीत मासे मारायची, स्फोटाची दारू ठासलेली एक बाटली उरली होती, तोंडातून वात बाहेर आलेली. जुसोहने ती उचलली.

"याला मारायचा नाही," तो म्हणाला. "माझ्या बापाचं गेलं तेवढंच याचं घ्यायचं." तो हानाफीकडे वळला. "काय दाजी, तुम्ही शिकलेले. किती वावांवरून टाकली तर नुसते कान जातील? जीव राहिला पाहिजे."

"माशांवरून माणसाचं नाही सांगता येत, अबांग." थोरला भाऊ म्हणून तो जुसोहला अशीच हाक मारायचा.

"मग राहू दे. मी अंदाजाने टाकतो. इथून, काठावरून."

काठावरून टाकली तर सुदिनची फुप्फुसं फाटली असती. हानाफीला अंतर माहीत होतं. आधी कान जातात, मग फुप्फुसं, मग आतडी. मधली जागा फार अरुंद. आणखी एक गोष्ट त्याला माहीत होती, जी त्याने अजून कुणाला सांगितली नव्हती. मोठ्या आवाजाने ढोम्याच्या कानातले बारीक केस मेले, तरी ते पुन्हा उगवतात आणि मेंदूतली ती पेशी पुन्हा तडतडू लागते. माणसाचे उगवत नाहीत. सासऱ्याचे उगवणार नव्हते. सुदिनचेही उगवले नसते.

"तीस वाव," तो म्हणाला. वाव म्हणजे दोन पसरलेल्या हातांएवढा; खरं अंतर निम्म्याहून कमी होतं.

"नक्की?"

"सुकाणू माझ्याकडे दे. टाक म्हटलं की टाक."

बाकारने सुदिनचे हात त्याच्याच होडीच्या मागच्या कडीला आखूड दोराने बांधले आणि त्याला पाण्यात ढकललं. नाक वर, कान पाण्याखाली.

"हानाफी!" सुदिन गुदमरत ओरडला. "तुझ्या लग्नात मी भात रांधलाय रे!"

"आज वरण घेऊन येतो," बाकार म्हणाला.

हानाफीने सुदिनपासून होडी दूर काढली. देरिस तळाशी पडला होता, कानांवर मुलाचा सदरा दाबलेला, प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत. जुसोह मागच्या टोकाला उभा राहिला आणि त्याने लगेच वात पेटवली. त्याने जन्मात कधी बाटली टाकली नव्हती.

"आत्ताच कशाला?" बाकार म्हणाला.

"लांब आहे वात."

ती लांब नव्हती. सुदिन पेटवून लगेच फेकणारा माणूस. तो आखूडच कापायचा. त्याने पाण्यातून जाळ पाहिला आणि जोर करून तोंड वर काढलं.

"टाक! जुसोह, वात आखूड आहे! टाक ती!"

"नाटकं करतोय," जुसोह म्हणाला आणि त्याने हानाफीकडे पाहिलं. "टाकू?"

आत्ता टाकली तर सुदिनचे कान जाणार होते. बरोबर तेवढंच अंतर होतं ते. हानाफीने वातीकडे पाहिलं, नाही असं नाही. पण त्याच्या डोक्यात वाव मोजणं चालू होतं.

"अजून थोडं लांब," तो म्हणाला.

वात संपत आल्याचं जुसोहने स्वतःच ओळखलं आणि हात मागे घेऊन बाटली फेकली. ती बोटांतून सुटता सुटता फुटली.

हानाफी तोंडावर आपटला. उठला तेव्हा गालात काच होती आणि कानात सलग शिट्टी. जुसोह गुडघ्यांवर बसला होता. उजव्या मनगटाच्या पुढे काही नव्हतं. हाडाचं टोक पांढरं दिसत होतं, आणि रक्त ठोक्याठोक्याने उडून बापाच्या पायांवर पडत होतं. देरिसला आवाज आलाच नव्हता. फळ्या हादरल्या तेवढंच त्याला कळलं. त्याने मुलाचा हात बघितला आणि तो ओरडू लागला.

बाकारने होडी वळवून सुदिनचा दोर कापला. दुसरं कुणाला काही सुचत नव्हतं. सुदिनच्या भावाचा हात असाच गेला होता. मोडक्या बरगडीने वाकत सुदिन वर चढला, ज्या दोराने बांधला गेला होता तोच जुसोहच्या कोपराखाली गुंडाळला, त्यात काठी अडकवून पिळली. "होडी हाका वेगाने," तो म्हणाला. "धक्क्यावर पोचेपर्यंत हा झोपता कामा नये. बोलत ठेवा त्याला."

जुसोह बोललाच. पांढऱ्याफटक चेहऱ्याने त्याने हानाफीला जवळ बोलावलं.

"खरं सांग. तीस नव्हते ना?"

हानाफीने कबूल केल्यासारखी मान हलवली.

"किती होते?"

"बारा."

जुसोहच्या कानांनाही दणका बसला होता. त्याने हानाफीच्या ओठांकडे पाहिलं, काही कळलं नाही. "किती?"

"बारा!" इंजिनाच्या वर आवाज चढवून हानाफी ओरडला. "बारा वाव, अबांग! बारा!"

बाकारने सुकाण्यावरून मागे वळून बघितलं. सुदिनने मान वर केली नाही. त्याने काठीला आणखी एक पीळ दिला आणि ती गुडघ्याखाली दाबून धरली.