झाकलेल्या बाटल्या

सुज्ञ वाचकहो, दोन औषधांची तुलना चालू असता एका माळ्याच्या हातून काय अघटित घडू पाहिले, ते वृत्त आता सादर करीत आहे. काळीज घट्ट करून वाचावे.

सदर माळी, त्याची पत्नी आणि मेहुणा हे ओसाड मैदानातील गवत कापीत असत. त्या गवतातील, डोळ्यांस न दिसणारा किडा बहीणभावांस चावला आणि दोघांस स्क्रब टायफसचा ताप जडला. विडीचा चटका बसावा तसा काळा डाग दोघांच्याही अंगावर होता.

दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी प्रारंभीच सांगितले होते, "डॉक्सिसायक्लिन बरं, की अझिथ्रोमायसिन, की दोन्ही मिळून, हे आम्ही तपासतोय. औषध सगळ्यांना मिळणारच. पण कोणाला कोणतं, ते फक्त फार्मासिस्टला ठाऊक. मलासुद्धा नाही."

म्हणून सलाईनच्या बाटल्यांवर तपकिरी कागद आणि कागदावर केवळ क्रमांक. माळ्याने मान डोलावली होती.

परंतु दुसऱ्या सकाळी मेहुणा उठून बसला. "दाजी, भूक लागलीय. तुमच्या हातचं सोडून काहीही चालेल."

शेजारच्या खाटेवरील पत्नीस मात्र धाप लागलेली. ती ओळखही देईना. माळ्याच्या मनात पाल चुकचुकली. भावाला खरे औषध, आणि हिच्या वाट्याला नुसते पाणी!

नर्सबाईंनी नव्या बाटल्या टांगल्या आणि कोणी हाक मारली म्हणून त्या दाराशी गेल्या. तेवढ्यात माळ्याने बाटल्यांची अदलाबदल केली.

"दाजी, हे काय करताय?"

"गप्प बस. तुझ्या बहिणीसाठीच करतोय."

नर्सबाईंनी परतून घाईने पत्नीची नळी जोडली. थेंब पडू लागले. मग मनगटावरील पट्टीचा क्रमांक पाहताच त्या किंचाळल्या, "बाटलीला हात कोणी लावला?"

नळी बंद झाली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. कोणाच्या अंगात काय गेले हे आता कळणे भागच होते. त्यांनी फार्मासिस्टला फोन लावला. फोन ठेवताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, हिला दोन्ही औषधं चालू होती. मेहुण्याला एकच. तुम्ही हिचं अर्धं औषध काढून घेत होतात."

माळ्याने विचारले, "मग तो आधी कसा उठला?"

"तो ताप चढला तसा लगेच आला. ही का उशिरा आली?"

मेहुणाच म्हणाला, "ताईला आधीपासून ताप होता, तिनं अंगावर काढलं. दाजी म्हणाले होते, गवत संपलं की जाऊ."



तिची बाटली तिला पुन्हा लागली. तेव्हापासून माळी हात पाठीमागे बांधून खाटेपाशी उभा राही. पाणी पाजायचे तरी नर्सबाईंस विचारी. अखेर धाप ओसरली. पत्नीने डोळे उघडले आणि क्षीण स्वरात विचारले, "अहो, हात मागे का? काही चोरलंत की काय?"

"चोरणार होतो," माळी म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला.

इतके वाचण्याचे श्रम आपण घेतलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
त्याच दवाखान्यात स्ट्रेचर ओढणारा, ज्यास सारे 'पंडित' म्हणतात तो