निळी ताडपत्री

"काय बाबुराव, जयंती एप्रिलमध्ये असते ना?"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, दात घासता घासता, दीनानाथकाकांनी विचारलं. बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. खाली पार्किंगमध्ये बाबुराव बांबूला दोरी गुंडाळत उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि ते हसले. नुसते हसले. त्यांची मुलगी तेजस्विनी होडीच्या पोटाखाली ट्रेलरचा पट्टा आवळत होती. तिला ते हसू दिसलं नाही, पण आलं असणार हे ठाऊक होतं. खडकीच्या फॅक्टरीतली सगळी नोकरी तिच्या आप्पांनी त्याच हसण्यावर काढली होती.

"मांडव नाहीये, काका," ती बाहेर येत म्हणाली. "होडीचं पांघरूण आहे."

"निळं?"

"ताडपत्री निळी मिळाली."

"असं होय," म्हणून काकांनी चूळ भरली.

कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्हल विंगमधून तेजस्विनी खडकवासल्याला जायची. ज्या लाकडी शिडाच्या होडीत ती वारा ओळखायला शिकली, तीच होडी पुढे तिथल्या क्लबानं मोडीत काढली आणि हिनं ती घरी आणली. तोवर हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती, बिबवेवाडीत फ्लॅट झाला होता, त्या फ्लॅटसोबत पार्किंगची ही उघडी जागा मिळाली होती. नवरा, रोहन, ऑनसाइट न्यू जर्सीला. आणि मांडीवर तान्ही चैताली. बाळंतपणाची रजा संपायच्या आत होडीचा डेक नवा करायचा, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं. रजा संपली की कंपनीची बस, पाळणाघर आणि रात्रीचे अमेरिकेचे कॉल. मग कुठली होडी? ती तिथेच उभ्या उभ्या कुजली असती.

डेकचं सडलेलं प्लाय काढून आप्पांनी नवं बसवलं होतं. ते फॅक्टरीत सुतारकामालाच होते. आता त्यावर पाणी अडवणाऱ्या एपॉक्सीचा हात द्यायचा आणि तो पुरता वाळेपर्यंत लाकडाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. दिवस परतीच्या पावसाचे. म्हणून हे पांघरूण. उतरवून ठेवलेली डोलकाठी दोघांनी कैचीसारख्या बांधलेल्या बांबूंवर आडवी टाकली, घराच्या आढ्यासारखी. तिच्यावरून ताडपत्री दोन्हीकडे उतरती सोडली. पुढून-मागून वाऱ्याला वाट ठेवली, नाहीतर आत घाम धरतो. दोऱ्या ट्रेलरला बांधल्या, आणि प्रत्येक दोरीत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. वारा आला की ताणावं, गेला की परत यावं, फाटू नये. बांबूंची टोकं ताडपत्रीला टोचतील म्हणून त्यांना चैतालीची आखूड झालेली दुपटी गुंडाळली. दुधाच्या वासाची. ती बांधताना तेजस्विनीला उगाचच हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर काकांचं वळणदार अक्षर होतं :

'पार्किंग वाहनांसाठी असते. कोणत्याही समाजाने तेथे मांडव घालू नये. घातल्यास काढण्यात येईल. होडीची जागा पाण्यात असते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.'

कोणत्याही समाजाने! गेल्याच महिन्यात गणपतीचा मांडव याच जागेवर होता. तिची स्कूटी आणि ही होडी तेव्हा रस्त्यावर भिजत होत्या आणि ती अवाक्षर बोलली नव्हती. उलट आरतीला टाळ्याही वाजवल्या होत्या.

ती तरातरा वर गेली. काका बाहेर गेले होते. दार शालूकाकूंनी उघडलं, आत बसवलं, चहा टाकते म्हणाल्या.

"काकू, ती ताडपत्री आहे हो. पावसाची!"

"अगं, मला कळतं. पण यांचं आपलं एकच, रंग कशाला तो? दुसरा लाव ना एखादा. आणि तू मनाला लावून घेऊ नकोस बाई." काकूंनी प्रेमानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू कुठे तशी वाटतेस!"

तेजस्विनी चहा न घेता उठली. जिना उतरताना तिचे कान पेटले होते. तशी म्हणजे कशी, हे विचारायचं राहून गेलं, याचा राग सगळ्यात जास्त.

तरी शनिवारी सकाळी दोघांनी एपॉक्सीचा हात दिला. काचेसारखा डेक चमकायला लागला. मग चैतालीला डोस द्यायला दोघं दवाखान्यात गेले. परत आले तर होडी उघडी. दोऱ्या कापलेल्या, ट्यूबचे तुकडे जमिनीवर मेलेल्या गांडुळांसारखे पडलेले, डोलकाठी भिंतीला उभी. ताडपत्री वॉचमनच्या चौकीपाशी. घडी मात्र नीट घातलेली.

"ताई, मला वरनं सांगितलं हाय," वॉचमन बजरंग मान खाली घालून म्हणाला. "घडी मी घातली."

कात्रजच्या बाजूनं आभाळ काळं झालं होतं. डेक अजून बोटाला चिकटत होता.

"तेजू," आप्पा हळूच म्हणाले, "पिवळी आणून ठेवलीय मी. परवाच. माळ्यावर आहे."

ती वळली. "परवाच?"

"म्हटलं, उगाच वाद नको."

"आप्पा, आपल्या जागेत, आपल्या होडीवर... आणि तुम्ही आधीच घेऊन आलात?" वडील तिच्याकडे बघत हसले नाहीत, हीच काय ती नवी गोष्ट. ते जिन्याकडे गेले. ते पिवळी आणायलाच गेले, हे उघड होतं. तिनं तिकडे पाठ केली, एका हातानं चैतालीला सांभाळत दुसऱ्या हातानं निळीची घडी ओढली आणि ओढता ओढताच तिला रडू फुटलं.

आप्पा पिवळी घेऊन आले. तिच्याकडे पाहिलं, निळीकडे पाहिलं. मग चौकीतल्या बाकावर त्यांनी पिवळी चौपदरी अंथरली, नातीला तिच्या हातातून घेतलं आणि त्या गादीवर निजवलं.

"बजरंग, हिच्याकडे बघ. आणि तेजू, ते टोक धर. डोलकाठी आधी."

दोघं कामाला लागले. दुपटी पुन्हा बांबूंना बसली. ट्यूबचे उरलेसुरले तुकडे आप्पांनी गाठी मारून जोडले. शेवटची दोरी आवळली जात होती तेव्हा पहिले टपोरे थेंब पडले आणि छत्री उघडत दीनानाथकाका खाली उतरले.

"अहो मॅडम, फळा वाचता ना?"

"वाचते. तुम्ही काढा ना, काका. या गाठी इथे आहेत. फक्त कात्री नको, हातानं सोडा. मी उभी आहे."

काका दोरीकडे बघत राहिले. पाऊस वाढला. छत्रीच्या कडेवरून पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं. चौकीत चैताली किंचाळली आणि बजरंग तिला 'जो जो' करू लागला.

"पण हे असं किती दिवस चालायचं?"

तेजस्विनीनं तोंड उघडलं, पण उत्तर होडीच्या पलीकडून आलं. बाबुराव ताडपत्रीखालून वाकून बाहेर आले. हाताला एपॉक्सी, डोक्यावर पाणी. हसू कुठेही नाही.

"वाळेपर्यंत," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी शेवटच्या गाठीवर आणखी एक गाठ मारली.