शुभेच्छुकांखालची ओळ

सावेडीतल्या आमच्या कंपनीत दूध डेअऱ्यांचं सॉफ्टवेअर बनतं. नवं अपडेट निघालं की गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना पाठवायची सूचना मी लिहायचे: काय बदललं, आधी काय करायचं, संपलं. साधी अक्षरांची फाईल, कुठल्याही मोबाईलवर उघडणारी. आमचे मालक कल्याणराव यांना ती बोडकी वाटली.

"धनश्री मॅडम, ही काय सूचना झाली? ना फोटो, ना मान्यवर!"

आपल्याकडे बोअरला पाणी लागलं तरी चौकात फ्लेक्स लागतो. सॉफ्टवेअर कसं सुटेल? त्यांनी स्वतःचा फेटेवाला फोटो टाकला. त्याखाली प्रेरणास्थान, मार्गदर्शक, शुभेच्छुक आणि समस्त मित्रमंडळ. माऊस कुठून धरायचा हे ठाऊक नसलेले आमचे मार्गदर्शक! माझी ओळ पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'दूध घेण्याआधी गाय की म्हैस ते पुन्हा निवडा, नाहीतर गाईचं दूध भेसळीचं दाखवेल.' मी भांडले. "वाचणारे वाचतात हो," म्हणाले. उंटावरचा शहाणा!

कर्जतजवळच्या एका केंद्रावर दूध तपासून घेणाऱ्या मच्छिंद्रने फोटो बघितला, खाली न जाता हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि अपडेट टाकून मोकळा झाला. सकाळी रांगेत पहिल्या मनकर्णाबाई. दारात दोन गाई, आणि त्यांच्या दुधाबद्दल गावात कधी कुणी ब्र काढला नव्हता. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: भेसळ. मच्छिंद्रने सगळ्यांदेखत त्यांचा कॅन परत केला. मागच्या तिघांचंही दूध लाल आलं तेव्हा कुठे गड्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर मनकर्णाबाई घरी गेल्या होत्या, आणि बातमी त्यांच्याही आधी पोचली होती. त्यांना माघारी बोलवायला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने थेट आमच्या ऑफिसात आल्या.

"मी दुधात पानी घालते व्हय? तुमच्या मशीननं मला चोर ठरिवलं. आता तिनंच न्हाई म्हनून सांगाया पायजे. समद्यांना."

मला मान वर करवेना. कल्याणराव मात्र लोण्यासारखे विरघळले. "मावशी, आत्ता जाहीर करतो!"

मी एकच ओळ लिहून दिली: 'चूक आमच्या सॉफ्टवेअरची होती, मनकर्णाबाईंचं दूध चोख आहे.' त्यांनी ती घेतली आणि पुन्हा सजवली. वर फेटा, मग मार्गदर्शक, मग शुभेच्छुक, आणि तळाला ती ओळ. माझ्या डोळ्यांदेखत पाठवूनही टाकली.

मिनिटभरात मोबाईल वाजला.

"बघा मावशी, पोचलं तुमच्या गावात," म्हणत त्यांनी तो मनकर्णाबाईंपुढे धरला. मच्छिंद्रचं उत्तर होतं: "हार्दिक अभिनंदन साहेब!"