उतारावर आटलेलं तेल

मी बोलतोय ते एका ट्रकच्या बॉनेटखालून. मी पॉवर स्टीअरिंगचा बॉक्स. चालवणारा हलक्या हाताने चक्र फिरवतो आणि एवढाली जाड चाकं निमूटपणे वळतात, ती माझ्या जोरावर. दाबाखालचं तेल माझ्या अंगात खेळत असतं, तोच माझा जीव.

वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. माझ्या पोटात दातेरी चाकं बसवली, खालच्या तोंडातून एक जाड शाफ्ट बाहेर काढला, आणि तेल गळू नये म्हणून त्या शाफ्टभोवती रबराचं सील बसवलं. आधी काही वर्षं मी एका दगडखाणीत राबलो. धूळ, चिखल, खड्डे सगळं सोसलं. मग ट्रक विकला गेला आणि आमच्या नशिबी माणसं बदलली.

नवे मालक म्हणजे मधमाश्या पाळणारं एक जोडपं. फुलं असतील तिथे ती दोघं मधपेट्या घेऊन जायची. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे आमचं काम सुरू व्हायचं. नवरा पेट्यांचं बघायचा. ट्रक चालवायची बायको. तिचा हात मला आवडायचा. उभ्या गाडीत ती कधी चक्र पिळायची नाही, गाडी जरा सरकू द्यायची आणि मगच वळवायची.

खाणीतली बारीक खडी मात्र माझ्या शाफ्टपाशी कधीच शिरली होती. सील झिजलं. आधी नुसता ओलावा, मग थेंब, मग जमिनीवर डाग. बायकोने नवऱ्याला दोन-तीनदा सांगितलं. तो हो म्हणायचा, तेल भरायचा आणि कामाला लागायचा. तो वाईट नव्हता, पण आजचं भागलं की त्याला उद्याची काळजी नसायची.

एके दिवशी डोंगरावरच्या फळबागेत उद्या सकाळी औषध फवारणार असल्याचा निरोप आला. विषापासून माश्या वाचवायच्या तर पेट्या लगेच खाली न्यायला हव्या होत्या. पहाटेच त्यांनी पेट्यांची दारं बंद केली, ट्रकवर चढवून दोरांनी आवळल्या आणि आम्ही उतरायला लागलो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

पहिली वळणं मी कशीबशी निभावली. मग मला तेल पुरवणारा पंप कण्हायला लागला. माझ्या अंगातलं तेल आटलं होतं. पुढच्या वळणावर तिने चक्र फिरवलं आणि ते दगडासारखं जड लागलं. ती जागेवरून अर्धी उठली, अंगाचा सगळा भार टाकला. चाक वळलं, पण हवं तेवढं नाही. पुढचं चाक कडेच्या भुसभुशीत मातीवर गेलं. तिने ब्रेक दाबून धरला. खालची खडी सरकली, आणि आम्ही थांबलो.

नवऱ्याने उडी मारून चाकांना दगड लावले. मग बाटली काढून तेल ओतलं. ते खालून धार लागून रस्त्यावर आलं.

त्याची थोरली बहीण पायथ्याशी गॅरेज चालवायची. बायकोने तिलाच फोन लावला. ताई मोटरसायकलवरून सील, हत्यारं आणि तेलाचा डबा घेऊन आली, माझ्याखाली शिरली आणि म्हणाली की काम वेळखाऊ आहे.

तोवर ऊन पेट्यांवर आलं होतं. आतली गुणगुण वाढून तिचा घोंघाट झाला होता. नवरा ओली पोती टाकत होता, पण ती बघता बघता वाळत होती. तो बहिणीला म्हणाला की काम राहू दे, तेल भरत भरत उतरू. ती नाही म्हणाली. मग तो स्वतःच चालवायला निघाला.

बायकोने किल्ली काढून मुठीत धरली. "तुला बसू देणार नाही. पेट्या उघड."

"उघडल्या तर त्या फवारलेल्या बागेत जातील."

"काही जातील. बंद ठेवल्या तर उकडून सगळ्याच मरतील."

 मग तो वर चढला आणि एकेक दार उघडू लागला.

माश्यांचे लोटच्या लोट बाहेर पडले. काही ट्रकखालीही आल्या. एकीने ताईला मानेवर डंख मारला. तिने दात आवळले, पण हातातलं हत्यार सोडलं नाही. चाकांकडे जाणारा दांडा तिने खूण करून शाफ्टवरून ओढून काढला, सीलला अडवणारी लोखंडी कडी काढली, खाली घमेलं धरलं आणि माझ्यात तेल भरलं. मग बायकोला इंजिन सुरू करून चक्र टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. दाब वाढला आणि जुनं सील मी स्वतःच बाहेर ढकललं. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू.

पण शाफ्ट पुसताना ताईचं बोट एका जागी अडकलं. जुन्या सीलने घासून त्यावर खाच पाडली होती. नवं सील तिथेच बसलं असतं तर पुन्हा गळलं असतं. ती भावाला म्हणाली, "घाई केली असती तर हे मला दिसलं नसतं."

तिने शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळली, म्हणजे रबर फाटू नये. मग सील पूर्ण आत न ढकलता किंचित अलीकडेच ठेवलं, खाचेपासून दूर, गुळगुळीत जागेवर. कडी लावली, दांडा खुणेवर बसवला, तेल भरलं. बायको चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिली. ताई माझ्याकडे एकटक बघत होती. मी कोरडा राहिलो.

निघता मात्र आलं नाही. माश्या परत येईपर्यंत तिघं तिथेच बसून राहिली. उन्हं कलली तशा त्या आल्या, पण सगळ्या नाही. नवरा प्रत्येक पेटीला कान लावत होता. काही पेट्यांपाशी तो जास्त वेळ थांबला. बायको त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग दारं बंद करून आम्ही उरलेला उतार उतरलो. प्रत्येक वळणावर नवऱ्याचे डोळे तिच्या हातांवर होते. चाकं वळत होती.

आता मी म्हातारा झालोय. शाफ्टवरची खाच जन्मभराची आहे, आणि हे सीलही कधीतरी जाईल. त्या दिवशी मी वाचवलं असं म्हणवत नाही, कारण अडवलंही मीच होतं. मित्रांनो, आमच्यासारख्यांना ओरडता येत नाही, आम्हाला फक्त गळता येतं. तेवढं बघत चला.

हल्ली रोज निघण्याआधी नवरा ट्रकखाली सरपटत येतो आणि माझ्या बुडावरून हात फिरवतो. बाहेर जाऊन तो तळहात बायकोला दाखवतो. तो कोरडा असला तरच ती किल्ली फिरवते.