थोडं मागं सरा, दादा

“अगं, हात खाली घे! चौकटीत येतोय,” मी ओरडलो.

“येऊ द्या की. माझाच हाय,” दीपमाला म्हणाली.

झालं! तिच्या आईनं, जानकीबाईंनी, कपाळावर हात मारला. स्थळ चांगलं होतं, पण मुलाकडचे ऊसतोडीला सांगलीकडे गेलेले. हंगाम संपेपर्यंत कोणी आष्टीला येणार नव्हतं. म्हणून पाहण्याचा कार्यक्रम मोबाइलवर, आणि व्हिडिओ काढायला मी, लग्नांची शूटिंग करणारा राधाकिशन. आईची अट एकच: पोरीच्या डाव्या हाताची कोयत्यानं गेलेली दोन बोटं दिसता कामा नयेत. त्यात काय अवघड? छातीपर्यंत धरायचं, वर हसरा चेहरा.

पण ही पोरगी म्हणजे चौकश्यांचं पोतं. “दादा, खाली बसून कावून काढायलात?”

“खालून धरलं की माणूस रुबाबदार दिसतं. वरून धरलं की बिचारं.”

“आन् लांबून?”

“एकटं दिसतं.” मला सांगायला मजा येऊ लागली. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

“मंजी काय दावायचं न्हाई, ते तुमी आधी ठरवता?”

मी नुसती मान हलवली. तिनं आईचा मोबाइल घेतला आणि मुलाचा, धर्मराजचा, आलेला व्हिडिओ लावला. खुर्चीत बसून नाव सांगणारा, खुर्चीतच चहा पिणारा, खुर्चीतूनच बैलाला थोपटणारा.

“ह्यो बसूनच कावून हाय?”

“बस म्हनले आसतील, बसला!” जानकीबाई उखडल्या. “चांगलं स्थळ मोडतीस का बाई?”

धंदा माझा आणि कळलं हिला!

“थोडं मागं सरा, दादा. सगळी घ्या.” ती उभी राहिली आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, “माझी दोन बोटं न्हाईत. तरी मोळी बांधते. आता तुमी चालून दावा.”

व्हिडिओ गेला. उत्तर काही येईना. जानकीबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. खरं सांगतो, मलाही धाकधूक होती. पोरीचं जमता जमता फिसकटलं, तर खापर माझ्याच डोक्यावर.

मग एका दुपारी दीपमाला मोबाइल घेऊन स्टुडिओत आली. “बघा.”

धर्मराजनं मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला होता. धरणारं कुणी नव्हतं. चौकट वाकडी, निम्मं आभाळ. लांब उसाच्या पाचटाच्या झोपडीपासून, कोपीपासून तो निघाला, उजवा पाय ओढत. मध्येच थांबला. वाटलं, माघारी फिरतो. पण आला. जवळ येता येता डोकं चौकटीबाहेर गेलं, नुसती शर्टाची गुंडी दिसली, मग अंधार.

“सरळ करून देऊ का? थांबला तेवढं कापतो,” मी म्हणालो.

“नको. काईच कापू नका.”

तिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. तो परत लांब, कोपीपाशी उभा.

“या,” ती हळूच म्हणाली.