डाव्या हाताचा रेडिएटर

धाकटी पन्नाशीला आली तरी घरात धाकटीच राहिली होती. भाऊ पाचच वर्षांनी मोठा, पण तो लहानपणापासून दादा होता आणि दादासारखाच वागत आला होता: यायचं, हुकूम सोडायचा, चहा पिऊन जायचं. आज तो आला तो टोचन लावून. पुढं एक टेम्पो, मागं दोरखंडाला बांधलेली बाबांची जुनी गोल दिव्यांची गाडी, आणि गाडीत स्टिअरिंगला धरून बसलेला दादा. शेजारी जुन्या गाड्यांच्या क्लबचे चिटणीस. गळ्यात कॅमेरा, मांडीवर वही.

"चढावर उकळली," दादा उतरता उतरता म्हणाला. "वाफेचा नुसता ढग. पण म्हटलं, आपल्याला काय काळजी? बाबांच्या हातचं काम आहे. तू जरा डाख दिलास की पुन्हा पळायला लागेल."

धाकटीनं हातातला गॅसचा टॉर्च बंद केला आणि जागेवर ठेवला. तांब्या-पितळेला कथलाचा डाख देऊन रेडिएटर जोडायचे, हा बाबांचा धंदा. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे गेली सतरा वर्षं, तो तिचा. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. मधोमध सिमेंटचा हौद, त्यात रेडिएटर बुडवून हवा भरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. भिंतीवर टांगलेले जुन्या रेडिएटरांचे सांगाडे, कोपऱ्यात ॲसिडचा कॅन, दाराशी बाबांची खुर्ची. बाबा ब्याऐंशीचे. खुर्चीतून हलत नसत, पण आल्यागेल्याशी बोलायला त्यांची जीभ अजून पंचविशीतली होती.

धाकटीनं बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवरून बोट फिरवलं. नळ्यांच्या मधल्या तांब्याच्या पातळ पाकळ्या बोटाखाली भुगा होऊन खाली पडल्या. तिला बघायचं ते दिसलं.

"डाख देऊन भागणार नाही. हा संपला, दादा. नवा घालावा लागेल. ॲल्युमिनियमचा."

दादानं चिटणीसांकडं पाहिलं, जणू घरातल्या कुणीतरी पाहुण्यांसमोर शिवी दिली होती.

"ॲल्युमिनियम? या गाडीत? अगं, हे कोण आहेत माहीत आहे का तुला? हा रेडिएटर बघायला आलेत ते. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, गाडीपुढं पाटी लागणार आहे. सांगतो थांबा, साहेब, तुम्ही अजून नीट ऐकलीच नाही ती गोष्ट."

ती गोष्ट. ती ऐकून ऐकून धाकटीचे कान किटले होते. घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, आणि आईच्या तेराव्यालासुद्धा, ती गोष्ट झाली होती. बाबांच्या उजव्या तळव्यावर वितळलेलं कथील सांडलं, हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये, आणि नेमका तेव्हाच गाडीचा रेडिएटर फुटला. दुसरा कुणी असता तर बसला असता कपाळाला हात लावून. पण बाबांनी काय केलं? इथं दादा थांबायचा, आणि बाबा खुर्चीत बसल्या बसल्या डावा हात वर करून बोटं हलवून दाखवायचे. डाव्या हातानं! शहाण्णव नळ्यांचा अख्खा रेडिएटर माणसानं एकट्यानं डाव्या हातानं बांधला, आणि तो एकोणतीस वर्षं एक थेंब गळला नाही!

आजही दादा थांबला. आजही बाबांनी हात वर केला. चिटणीसांनी फोटो काढला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

खरं काय ते या खोलीतल्या दोनच माणसांना माहीत होतं. रेडिएटर धाकटीनं बांधला होता. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती, दादा शिकायला परगावी. बाबा बँडेज बांधलेला हात छातीशी धरून याच खुर्चीत बसले होते आणि ती आठ दिवस हौदापाशी उभी होती. नळ्या तिनं कापल्या, पाकळ्या तिनं ओवल्या, टाकीखालच्या पत्र्यातल्या शहाण्णव भोकांत नळ्यांची शहाण्णव तोंडं तिनं बसवली. तिच्या भुवया जळाल्या. दादा सुट्टीला आला तेव्हा गाडी सुरू होती, आणि त्यानं विचारलं, "बाबा, कसं काय जमवलंत?" बाबा धाकटीकडं न बघता म्हणाले, "डाव्या हातानं." ती हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीये. आता पुढच्या वाक्यात सांगतील.

ते पुढचं वाक्य एकोणतीस वर्षं आलं नाही. बँडेज सुटल्यावर बाबांनी त्या रेडिएटरला एकच काम केलं: स्वतःच्या नावाची पितळी पाटी वरच्या टाकीवर डाखवली. आई म्हणाली, "जाऊ दे गं, बापाचंच नाव आहे ना." धाकटीनं जाऊ दिलं. पण जाऊ दिलेलं कुठं जात नाही, ते आतच साचतं. तिला मानमरातब नको होता, वहीत नाव नको होतं. बाबांच्या तोंडून चारचौघांत फक्त तीन शब्द हवे होते: हे हिनं केलं. म्हातारा एक ना एक दिवस बोलेल, याच आशेवर तिनं सतरा वर्षं त्याची खुर्ची रोज सकाळी बाहेर काढली होती आणि संध्याकाळी आत नेली होती.

"झाली गोष्ट?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. तांबं वाईट नाही. तांब्यासारखी उष्णता दुसरं काही ओढत नाही, आणि फुटलं तर रस्त्यावरसुद्धा डाख देता येतो. पण याच्या नळ्या आतून क्षारानं भरल्यात आणि पाकळ्या सुटल्यात. पाकळी नळीला चिकटलेली नसेल तर उष्णता जाणार कुठून? या मापाची नळ्या-पाकळ्यांची नवी तांब्याची जाळी आता कुणी बनवत नाही. ॲल्युमिनियमचा मापानं करून मिळतो. नळ्या रुंद, वजन निम्मं, चढावर इंजिन थंड राहील."

"आणि तो फुटला तर?"

"तर मलाही काही करता येणार नाही. त्याला कथील धरतच नाही. आणि एक लक्षात ठेव, पंख्याची अर्थिंगची वायर तुम्ही लोक सरळ रेडिएटरच्या टाकीवर डाखवता, ती सवय सोडायची. ॲल्युमिनियमला करंट खातो. वर्षभरात चाळण होईल."

यापेक्षा सरळ कुणी काय सांगणार? स्वतःच्या पोटावर पाय देणारा सल्ला ती देत होती, आणि तोही फुकट. पण दादा ऐकायला आलाच नव्हता.

"डब्याचा पत्रा!" तो म्हणाला. "बाबांचं काम काढायचं आणि डब्याचा पत्रा लावायचा. खरं सांगू का, धाकटे? तुला बाबांचं नाव पुसायचंय. पहिल्यापासून तुझ्या मनात आहे ते. त्यांचा धंदा मिळाला, कारखाना मिळाला, आता ती एवढीशी पाटीसुद्धा तुला बघवत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बाबांकडं पाहिलं. आता तरी बोला. बाबा चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"बरं," ती म्हणाली. "उघडूनच दाखवते."

तिनं नळ सोडून पाणी काढलं, बोल्ट काढले, रेडिएटर उचलून टेबलावर आडवा टाकला. दादा "जपून, जपून" म्हणत राहिला. वजन उचलायला काही पुढं आला नाही. टॉर्च पेटवून तिनं वरच्या टाकीच्या कडेनं ज्योत फिरवली. जुनं कथील आधी मळकट झालं, मग चमकलं, मग ओघळलं. सांडशीनं टाकी अलगद उचलून तिनं बाजूला ठेवली. त्या टाकीवर पाटी होती. उघड्या पडलेल्या पत्र्यात शहाण्णव तोंडं दिसत होती, आणि जवळजवळ सगळ्यांच्या कडांना पांढरट पुटं चढलेली.

"बघ. यातून पाणी जाईल?"

दादानं नुसती मान वाकडी केली. चिटणीस मात्र पुढं झाले. माणूस बारीक नजरेचा होता. त्यांनी पेनाचं टोक तिसऱ्या ओळीतल्या सातव्या नळीवर ठेवलं.

"ही वेगळी दिसतेय. ही क्षारानं नाही बुजलेली. हिच्या तोंडात तर कथील भरलंय. म्हणजे ही नळी पहिल्यापासूनच बंद आहे?"

धाकटीला ती नळी न बघताही ठाऊक होती. तिसऱ्या दिवशी ज्योत जास्त झाली होती आणि कथील तोंडात उतरलं होतं. ती रडकुंडीला येऊन तार घालून ते काढत होती, तेव्हा बाबाच म्हणाले होते, "राहू दे. शहाण्णवात एकानं काय होतंय?"

"असं कसं?" दादा म्हणाला. त्यानं चष्मा चढवून पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा उतरला. "बाबा, ही नळी बुजवलेली कशी?"

बाबांनी खुर्चीतून मान उंचावली. चिटणीसांचं पेन वहीवर थांबलं होतं. म्हाताऱ्यानं एकदा त्या पेनाकडं पाहिलं, एकदा पत्र्याकडं.

"ते होय," बाबा म्हणाले. "हे हिनं केलं."

दादा नळीवर वाकलेलाच राहिला. बाबांना वाटलं, आपलं नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. "माझा हात कामातून गेला होता ना तेव्हा. मग हिनंच केलं सगळं. नवशिकी होती. माझ्या हातचं असतं तर नळी बुजली असती होय?"

तेच तीन शब्द. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, दादासमोर. अगदी तिनं मनात घोळवले होते तसेच, एक अक्षर इकडं तिकडं नाही. धाकटीला हसू आलं, आणि हसता हसता तिला इतका राग आला की टेबलाची कड धरावी लागली. आयुष्यात कुणावर एवढी चिडली नव्हती ती. नवऱ्यावर नाही, फसवणाऱ्या गिऱ्हाइकावर नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज हौदावर आपटून परत आला, "पंचाण्णव नळ्या एकोणतीस वर्षं वाहत होत्या, तेव्हा हात तुमचा होता. एक बुजलेली निघाली, तर हात माझा?"

"अगं, पण मी खरंच सांगितलं ना..."

"आज सांगितलंत! चूक निघाली म्हणून सांगितलंत! लग्नात नाही सुचलं, बारशात नाही सुचलं, आईच्या तेराव्याला नाही सुचलं. ती बिचारी 'जाऊ दे, जाऊ दे' करत गेली. आणि 'राहू दे, शहाण्णवात एकानं काय होतंय', हे कोण म्हणालं होतं? तेही मीच का?"

बाबांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. दादा एकदा बापाकडं, एकदा बहिणीकडं बघत होता. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर त्यानं चहा आणि टाळ्या मिळवल्या ती त्याच्या डोळ्यांदेखत कोलमडली होती, आणि कुठला तुकडा आधी उचलावा ते त्याला समजत नव्हतं.

"म्हणजे डाव्या हातानं... काहीच नाही?" त्यानं विचारलं.

"पाटी," धाकटी म्हणाली. "पाटी तेवढी त्यांनी लावली. तीही उजव्या हातानं."

तिनं टॉर्च उचलला. टाकी पुढं ओढली आणि पाटीच्या कडेला ज्योत लावली. एवढंसं काम, अर्ध्या मिनिटाचं. कथील चमकलं आणि पाटी सरकली. सांडशीत धरून तिनं ती हौदातल्या पाण्याला जेमतेम टेकवली, चर्र आवाज झाला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, कुणी तसा समज करून घेऊ नये. तिनं पाटी फडक्यानं पुसली, अक्षरं वाचता येतील इतकी स्वच्छ.

दादा घसा खाकरून म्हणाला, "बरं, ॲल्युमिनियमचा तर ॲल्युमिनियमचा. तू म्हणतेस तर घालू. पण ती पाटी तेवढी नव्यावर लावशील ना? प्रदर्शनाला..."

"सांगितलं ना मघाशी. ॲल्युमिनियमला कथील धरत नाही."

"मग हा जुना?"

"जुना माझा आहे. तो इथंच राहील."

चिटणीसांनी वही मिटली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उघडली, आधीची ओळ खोडली, आणि तिच्याकडं बघत थांबले. धाकटीनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ती दारापाशी गेली आणि बाबांच्या पुढ्यात फडक्यातली पाटी धरली. बाबांनी सवयीनं उजवा हात पुढं केला. तळव्यावरचा जुना डाग अजून गुळगुळीत आणि गुलाबी होता. पाटी तिथं टेकताच त्यांनी हात झटकन मागं घेतला.

"अगं, गरम आहे अजून."

"मग डाव्या हातात घ्या, बाबा," धाकटी म्हणाली. "त्याला सगळं जमतं."

पाटी तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली, भिंतीवरचा टेप उचलला, आणि नव्या रेडिएटरची मापं घ्यायला गाडीकडं गेली.