पोलिक्सेनीची गप्प पिंपं

दोन्ही पिंपं एकाएकी गप्प झाली आणि पोलिक्सेनीच्या तोंडचं पाणी पळालं.

ऐन तोडणीच्या तोंडावर फोतिसच्या, तिच्या नवऱ्याच्या, हृदयाचं ऑपरेशन झालं. देबीना जातीची द्राक्षं तिनं एकटीनं तोडली, तुडवली, रस पिंपांत भरला. काही आठवडे रस मस्त खदखदला. मग डोंगरातल्या त्यांच्या झित्सा गावावर पहिलं बर्फ पडलं, आणि पिंपाला कान लावून पाहिलं तर आत चिडीचूप! चव घेतली तर अर्धवट गोड. ना धड रस, ना धड वाइन. चाळीस वर्षं तळघर फोतिसचं आणि स्वयंपाकघर तिचं, तिला काय कळणार? त्याला विचारायची सोय नव्हती. जिवाला घोर लागेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून तिनं नणंदेच्या नवऱ्याला विचारलं. सोतिरिस खालच्या सपाटीवरचा, तिथल्या उबेत वाइन महिन्याभरात तयार. एक घोट घेऊन तो थुंकलाच.

"वहिनी, गेली ही. आंबून जायच्या आत भट्टीवर चढवू, निदान त्सिपुरोची कडक दारू तरी गाळून मिळेल. मंगळवारी ट्रॅक्टर आणतो."

अक्कल पाजळायला माणसं कधी कमी पडली आहेत का!

मंगळवारी ट्रॅक्टर अंगणात धडधडला. फोतिस पलंगावरून म्हणाला, "हा कशाला आलाय?"

"शेण न्यायला."

"आपल्याकडे गाय कुठाय?"

मग मात्र तिचा बांध फुटला. "वाइन न्यायला आलाय. मेली रे ती! बर्फ पडल्यापासून हूं की चूं नाही. माझ्याच हातनं गेली."

फोतिस पांढराफटक पडला. "खरं सांग, तळघरात शेगडी पेटवलीस?"

"नाही."

"पिंपांना घोंगड्या गुंडाळल्यास?"

"नाही रे बाबा! काय करायचं तेच ठाऊक नव्हतं, मग काहीच नाही केलं."

फोतिसनं सुस्कारा सोडला आणि छातीवरचा ऑपरेशनचा व्रण दाबत हसायला लागला. "अगं वेडे, मेली नाही, झोपलीय. देबीना थंडीत दरसाल झोपते. मार्चात उठते आणि पुन्हा फसफसते. आपल्या वाइनला बुडबुडे येतात ते कुठून, आभाळातून?"

"दरसाल? मग हिवाळाभर तू तळघरात काय लक्ष ठेवायचास रे?"

"पाद्रीबाबांबरोबर पत्ते खेळायचो." त्यानं नजर चुकवली. "उपासाच्या दिवसांत नाही हं."

"चाळीस वर्षं!" असं ओरडून ती खिडकीशी धावली. "सोतिरिस, रिकामाच जा परत! आणि ते तुझं शहाणपणही घेऊन जा!"

"दोन महिने मी विचारायला घाबरत होतो," फोतिस मागून म्हणाला. "वाटलं, ऊब देऊन तू सगळी बिघडवली असशील. काहीच केलं नाहीस, म्हणून वाचली."

एरवी 'तू काहीच केलं नाहीस' असं कुणी म्हणालं असतं तर पोलिक्सेनीनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती त्याच्या पलंगावर बसली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून मनसोक्त रडली.